जलपर्णी काढायची कधी, कशी, आणि परत येऊ नये म्हणून काय करायचं

पवना, इंद्रायणी, मुळा-मुठा, पंचगंगा, उल्हास, गोदावरी. नद्या वेगळ्या, पण एप्रिल-मे महिन्यातलं चित्र एकच असतं. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी दिसत नाही आणि कडेला एखादा पोकलेन हिरवे ढीग उपसत असतो. जूनमध्ये पूर येतो, उरलेली जलपर्णी खालच्या गावाकडे वाहून जाते, आणि ऑक्टोबरात नदी मोकळी दिसते म्हणून तिच्याकडे कुणी फिरकत नाही. माझं ठाम मत आहे की जलपर्णीचं खरं काम याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात करायचं असतं. उन्हाळ्यात आपण जे करतो ती केवळ उशिरा केलेली, चौपट महाग मजुरी असते.

हा लेख गावतळं, पाझर तलाव, कोल्हापूर पद्धतीचा बंधारा किंवा नदीचा एखादा टप्पा सांभाळणाऱ्यांसाठी आहे: ग्रामपंचायतीचे सदस्य, मच्छीमार संस्था, पाणीवापर संस्था, गावातली तरुण मंडळं. मोठ्या धरणांचं आणि महानगरांचं गणित वेगळं आहे, पण तत्त्वं तीच.

आधी वनस्पती ओळखा

पाण्यात दिसेल ते हिरवं उपटायचं, असं करू नका. उपाय वनस्पतीप्रमाणे बदलतो.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातली. देखण्या जांभळ्या फुलांपायी ती जगभर नेली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमार्गे आपल्याकडे आली. कोल्हापूरकडे तिला केंदाळ म्हणतात, विदर्भात इकॉर्निया. ओळखण्याची खूण म्हणजे फुगलेला देठ. तो दाबला तर आत स्पंजासारखा हवेनं भरलेला असतो, त्यामुळे झाड तरंगतं. खाली काळपट जांभळ्या मुळांचा झुपका लोंबतो आणि त्यातून आडवं धावतं खोड निघून शेजारी नवं रोप तयार होतं. एक रोप हातात घेऊन हलकेच ओढलं, तर मागून साखळीनं चार-पाच रोपं येतात. काढणीची सगळी पद्धत या साखळीवर अवलंबून आहे, ते पुढे सांगतो.

पाणकोबीसुद्धा तरंगते, पण तिची पानं मखमली आणि कोबीसारखी उलगडलेली असतात. साल्विनिया हे छोट्या, घडी घातलेल्या पानांचं तरंगतं नेचं आहे. केरळच्या बॅकवॉटरमध्ये त्यानं फार छळलं. ही दोन्ही जलपर्णीच्याच पद्धतीनं काढता येतात.

हायड्रिला पाण्याखाली वाढते. ती आपल्याकडचीच आहे आणि मासे तिच्यात चरतात, लपतात. शेततळ्यात किंवा कालव्यात तिनं पाणी अडवलं तरच ती कमी करायची, समूळ नाही. काठावर येणारी बेशरम मात्र परदेशी आहे. ती नुसती छाटली तर कांड्यांपासून दुप्पट फुटते, म्हणून मुळासकट खणूनच काढावी लागते.

कमळ, कुमुदिनी आणि शिंगाडा यांना हात लावू नका. पाणकणीस सगळं कापू नका, काठाचा निदान एक भाग राखा. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, वारकरी या पाणपक्ष्यांचा वावर याच झाडोऱ्यात असतो. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत ढीवर या मासेमार समाजातल्या लोकांनी बेशरम काढून टाकली आणि तिच्या जागी स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या. मोकळं केलेलं पाणी तसंच सोडलं तर पहिली येते ती आक्रमक वनस्पतीच, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

ती इतकी का वाढते

कारण आपण तिला खायला घालतो. सांडपाण्यातला नायट्रोजन, साबण आणि डिटर्जंटमधला फॉस्फरस, ऊसपट्ट्यात शेतातून वाहून येणारी खतं, पाण्यात टाकलेलं निर्माल्य, हे सगळं तिचं अन्न. ऊब आणि अन्न मिळालं की साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. दहा रोपं मागे राहिली आणि दर पंधरा दिवसांनी दुप्पट झाली, तर पाच महिन्यांत ती दहा हजारांच्या वर जातात. नोव्हेंबरातली दहा रोपं म्हणजे एप्रिलमधला तुमचा पोकलेन.

शिवाय ती फुलल्यावर बी तळाच्या गाळात पडतं आणि पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं. उन्हाळ्यात पाणी आटून गाळ उघडा पडतो, पुन्हा ओल येते आणि काठाच्या चिखलात बारीक रोपं उगवतात. 'एकदा साफ केलं, आता झालं' असं म्हणता येत नाही ते यामुळे.

वर्षाचं वेळापत्रक

*ऑक्टोबर-नोव्हेंबर.* पूर ओसरलेला, रोपं विरळ. बंधाऱ्यात बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की पाणी थांबतं, आणि थांबलेलं पाणी म्हणजे तिची नर्सरी. बरगे घालायच्या आठवड्यातच काठानं आणि होडीनं एक पूर्ण फेरी मारा. दिसेल ते रोप हातानं काढा. चार-सहा माणसांचं दोन-तीन दिवसांचं काम असतं.

*डिसेंबर ते फेब्रुवारी.* थंडीत वाढ मंदावते. मोठी काढणी करायची असेल तर सगळ्यात चांगला काळ हाच. दर पंधरा दिवसांनी फेरी.

*मार्च ते मे.* वाढ जोरात. दर आठवड्याला फेरी. पाणी आटून जलपर्णी खोलगट भागात गोळा होते, तिथे गाठून काढता येते.

*जून.* पुरात सोडून देऊ नका. पुण्या-पिंपरीच्या नद्यांतलं सगळं शेवटी भीमेतून उजनीत जातं. नाशिककडच्या गोदावरीतलं नांदूर मधमेश्वरला जातं, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. आपली जलपर्णी खाली ढकलली तर ती दुसऱ्याच्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हमध्ये अडकते, पुलाच्या कमानीत तुंबते, बंधाऱ्यावर दाब आणते.

*जुलै-ऑगस्ट.* काठाच्या चिखलातली बोटभर रोपं बघा. या वेळी ती चिमटीनं निघतात.

पहिलं काम: मोजमाप

अंदाजानं कंत्राट देऊ नका. मोजणी सोपी आहे. बांबूच्या चार काठ्यांची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा. ती जलपर्णीवर ठेवा, आतली सगळी रोपं मुळांसकट काढा, दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या आणि वजन करा. दाट, मध्यम आणि विरळ अशा तिन्ही जागी करून सरासरी काढा. व्यापलेलं क्षेत्र मोबाइलवरच्या नकाशात किंवा टेप लावून मोजा.

समजा चौरस मीटरला २५ किलो भरलं. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे २५० टन. आता ट्रॅक्टरची ट्रॉली घ्या. जलपर्णी फुगीर असते, त्यामुळे ट्रॉली वजनानं नाही तर आकारानं भरते. तुडवून भरली तरी एक-दीड टनाच्या वर सहसा जात नाही. म्हणजे एका हेक्टरला साधारण १७० ते २५० खेपा. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला की 'रविवारी श्रमदान करून टाकू' ही चर्चा आपोआप थांबते आणि खरं नियोजन सुरू होतं.

यावर उपाय म्हणजे लगेच वाहतूक न करणं. या वनस्पतीत ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. काठावर उन्हात चार-पाच दिवस पसरून ठेवली, एकदा उलटली, तर वजन आणि आकार दोन्ही निम्म्याच्या खाली येतात. तेवढ्या खेपा वाचतात. फक्त ढीग पाण्यापासून निदान ३०-४० फूट लांब, पूररेषेच्या वर आणि उताराच्या उलट बाजूला हवा. पहिल्या वळवाच्या पावसात काठावरचा ढीग परत नदीत गेलेला अनेक गावांनी पाहिला आहे.

परवानगी आणि माणसं

तळं कुणाचं आहे ते आधी बघा: ग्रामपंचायतीचं, जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाचं, की जलसंपदा विभागाचं. मासेमारीचा ठेका असेल तर त्या संस्थेला पहिल्या बैठकीलाच बोलवा. त्यांच्याकडे होड्या आहेत, त्यांना खोली माहीत आहे, आणि पाणी मोकळं झालं तर पहिला फायदा त्यांचाच आहे. त्यांना डावलून केलेली सफाई टिकत नाही.

हातानं काढणी, टप्प्याटप्प्यानं

लागणारं साहित्य: कोयते, लांब दांड्याचे दाताळे, विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ, जाड दोर, होडी किंवा ट्रकच्या ट्यूबांचा तराफा. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट आणि गमबूट. पोहता येतं म्हणून जॅकेट नको, असं कुणाला म्हणू देऊ नका. मुळांच्या जाळ्यात पाय अडकला की पट्टीचा पोहणाराही बुडतो.

१. *आवक बंद करा.* तळ्यात नाला जिथे येतो तिथे, किंवा नदीच्या टप्प्यात वरच्या अंगाला, तरंगता अडसर लावा. नायलॉनच्या दोराला दर दोन फुटांवर झाकण घट्ट लावलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन बांधायचे, खाली दीड-दोन फूट जाळी सोडायची आणि दोर तिरका ताणायचा. तिरका असला की वाहून आलेली जलपर्णी आपोआप एका काठाला जमते. जाळीला मासे किंवा कासवं अडकत नाहीत ना, हे रोज बघा. पुराआधी अडसर काढून ठेवा.

२. *वारा बघा.* दुपारचा वारा जलपर्णीचा थर एका बाजूला ढकलतो. ट्रॅक्टर आणि माणसं त्याच काठाला उभी करा. वाऱ्याविरुद्ध ओढण्यात अर्धी ताकद जाते.

३. *तुकडे पाडा.* थर सलग असतो, अख्खा ओढायला गेलं तर दोर तुटतो. होडीतून कोयत्यानं साधारण १० बाय १० फुटांचे वाफे पाडा. कापताना धावती खोडं तुटतात आणि बारीक तुकडे तरंगत सुटतात. म्हणून मागच्या होडीत एक माणूस जाळं घेऊन फक्त तेवढेच वेचायला हवा. हा माणूस सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कमी केला जातो.

४. *ओढा आणि उचला.* वाफ्याभोवती दोर फिरवून काठावरून ओढा. काठाशी आल्यावर दाताळ्यानं वर घ्या, मुळांसकट. नुसती पानं कापून काही उपयोग नाही.

५. *वरून खाली या.* नदीत वरच्या टोकापासून, तळ्यात नाल्याच्या तोंडापासून सुरुवात करून सांडव्याकडे सरका.

६. *कोपरे.* बेशरमीच्या बुंध्यात, पाणकणसाच्या दाटीत, पुलाच्या खांबामागे, मोटारीच्या पाइपांभोवती चार-दोन रोपं नेहमी लपलेली असतात. शेवटचा अख्खा दिवस फक्त यासाठी ठेवा.

धोक्यांकडे लक्ष द्या. नदीकाठी शेतीपंपांच्या केबली पाण्यातून, गवतातून गेलेल्या असतात. काम चालू असेपर्यंत त्या टप्प्यातला वीजपुरवठा बंद ठेवायची लेखी विनंती वीज कंपनीला करा. वाळत घातलेल्या ढिगांत नाग-घोणस येऊन बसतात, ढीग हातानं नाही तर दाताळ्यानं उलटा. सांगली भागात कृष्णेत मगरी आहेत, तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. सांडपाण्याच्या पाण्यात पायाला जखम घेऊन काम केलं तर लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा धोका असतो. पुढच्या महिनाभरात ताप आला तर 'घाण पाण्यात काम केलं होतं' हे डॉक्टरांना आधी सांगा.

यंत्र कधी आणावं

थर मोठा, क्षेत्र एखाद्या हेक्टरच्या पुढे आणि काठाला यंत्र जाण्याएवढा रस्ता असेल तरच. लांब बूमचा पोकलेन काठापासून ठरावीक अंतरच पोचतो. मधली जलपर्णी त्याच्यापर्यंत होडी आणि दोरानंच आणावी लागते. बादली जाळीची हवी, म्हणजे पाणी आणि मासे खाली गळतात. धरणाच्या पाळीवर यंत्र चढवून दगडी पिचिंग उखडू देऊ नका. यंत्र दुसऱ्या नदीवरून आलं असेल तर पाण्यात उतरण्याआधी धुऊन घ्या, साखळ्यांत अडकलेलं एक रोप पुरेसं असतं.

पाण्यातच जलपर्णी चिरडून टाकणारं यंत्र मात्र गावतळ्यात नको. चुरा तळाशी कुजतो, पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि जगलेले तुकडे फुटतात.

कंत्राट देणारच असाल तर पैसे निव्वळ 'साफ केलेल्या क्षेत्रा'वर देऊ नका. निम्मी रक्कम तीन महिन्यांनंतर पाणी मोकळं राहिलं तरच, अशी अट घाला.

तणनाशकाबद्दल

गावतळ्यात ते वापरू नका, असाच माझा सल्ला आहे. फवारलेली जलपर्णी मरते, बुडते आणि कुजते. तिनं शोषलेलं अन्न पाण्यात परत येतं आणि पुढची पिढी त्यावर पोसली जाते. कुजताना प्राणवायू घटतो, पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून तडफडतात. त्याच पाण्यावर जनावरं येतात. २,४-डी सारख्या औषधाचा फवारा वाऱ्यानं शेजारच्या द्राक्षबागेवर किंवा कपाशीवर गेला तर ती पिकं फार नाजूक असतात, पानं पिळवटतात. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केवळ पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत करता येईल, अशी अधिसूचना केंद्र सरकारनं २०२२ मध्ये काढली आहे. दुकानातून डबा आणून कुणी पाण्यात फवारणी करत असेल तर त्याला थांबवा.

सोंडकिडे आणि मासे

जलपर्णी खाणारे निओचेटिना जातीचे सोंडकिडे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतून बंगळुरूला आणून, चाचण्या करून सोडले गेले. मणिपूरच्या लोकटक सरोवरात त्यांनी चांगलं काम केलं. साल्विनियावर दुसऱ्या जातीच्या सोंडकिड्यानं केरळात तर फार मोठं यश दिलं. पण आपल्या नद्यांत पूर दरवर्षी किड्यांसकट सगळं वाहून नेतो, आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी किड्यांच्या खाण्यापेक्षा वेगानं वाढते. वर्षभर पाणी राहणाऱ्या, कमी प्रदूषित तलावात हा उपाय उपयोगी आहे आणि परिणाम दिसायला दोन-चार वर्षं लागतात. आधी पानं बघा. पानांवर बारीक खरवडल्यासारखे ठिपके दिसले तर किडे तुमच्याकडे आधीच आहेत. अशा ठिकाणी काढणी करताना एक छोटा, अडसरानं बांधलेला पट्टा किड्यांसाठी राखावा लागतो. किड्यांची माहिती बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे, आणि तणांबद्दलची जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाकडे विचारता येते.

गवत्या मासा जलपर्णी खाऊन संपवतो, हा गैरसमज आहे. तो हायड्रिलासारखी कोवळी, पाण्याखालची वनस्पती खातो. शेततळ्यासाठी उत्तम, जलपर्णीसाठी नाही.

काढलेल्या जलपर्णीचं काय

खत करा. सुकलेली जलपर्णी दोन-तीन इंचांचे तुकडे करून घ्या. खाली काडीकचऱ्याचा थर, त्यावर फूटभर जलपर्णी, त्यावर शेणकाला, असे थर चार-पाच फूट उंचीपर्यंत रचा. दोन-तीन दिवसांत ढिगाच्या पोटात हात घालवणार नाही एवढी उष्णता यायला हवी, बी मरतं ते त्यामुळेच. दर पंधरा दिवसांनी कडेचा माल मध्ये येईल असं उलटा. दोन-अडीच महिन्यांत खत तयार होतं. गांडूळखत करायचं तर आधी पंधरा-वीस दिवस अर्धवट कुजू द्या, गरम ढिगात गांडुळं मरतात.

एक गोष्ट मात्र सोडू नका. वरच्या अंगाला कारखाने किंवा औद्योगिक वसाहत असेल तर जलपर्णीनं शिसं, कॅडमियम, क्रोमियम असे धातू शोषलेले असू शकतात. ते खत तपासल्याशिवाय भाजीपाल्याला घालू नका आणि जलपर्णी जनावरांना खायला घालू नका. देठांच्या चटया-टोपल्या होतात, शेणात मिसळून बायोगॅस होतो, हे खरं आहे. पण या विक्रीतून सफाईचा खर्च निघेल असं कुणी सांगत असेल तर आधी लेखी करार मागा.

सांडपाणी अडवल्याशिवाय सुटका नाही

गावात हे जमण्यासारखं आहे. नांदेड जिल्ह्यात घरोघरी केलेल्या, सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्यांनी गटारंच नाहीशी केली आणि डासही कमी झाले, तो प्रयोग 'नांदेड पॅटर्न' म्हणून राज्यभर माहीत आहे. ज्या घरांचं पाणी थेट तळ्याकडे जातं ती घरं आधी घ्या. नाला मोठा असेल तर तळ्यात शिरण्याआधी गाळ बसायला खड्डा आणि त्यापुढे कर्दळ-पाणकणसाचा पट्टा करा, पाणी त्यातून गाळून पुढे जाऊ द्या. कपडे आणि गाड्या धुण्याची जागा काठापासून हलवा. निर्माल्यासाठी कलश ठेवा. कारखान्याचं किंवा नगरपालिकेचं पाणी येत असेल तर तारीख-वेळ असलेले फोटो काढून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

ठरावात काय लिहून घ्यायचं

सफाईच्या उत्साहात ठराव एका ओळीचा होतो: 'तळ्यातील जलपर्णी काढण्यास मंजुरी.' त्यानं पुढच्या वर्षाची सोय होत नाही. ग्रामसभेत पुढच्या गोष्टी स्वतंत्र लिहून घ्या. मोजलेलं क्षेत्र आणि टन. ढीग टाकायची जागा, गट क्रमांकासह. ऑक्टोबर ते जून पंधरवड्याची आणि उन्हाळ्यात आठवड्याची फेरी कोण मारणार, त्यांची मजुरी कोणत्या निधीतून. फेरीची नोंदवही: तारीख, किती रोपं काढली, कुठे सापडली. तीन वर्षांची तरतूद. आणि वरच्या व खालच्या गावाला ठरावाची प्रत, वरच्या गावाला त्यांच्याकडच्या अडसरासाठी, खालच्याला आपल्या काढणीच्या तारखा कळाव्यात म्हणून. नोंदवहीत एकाच जागी दोन-तीन वेळा रोपं सापडलेली दिसली, तर पुढच्या फेरीला तिथला काठ खणून बघा. बहुतेक वेळा तिथे एखादी मोरी किंवा चर उघडी पडलेली सापडते.